दिल्लीत गच्चीवर पैसे कशावर घालावेत?

द्वारका, नोएडा किंवा गुरुग्रामला वरच्या मजल्याचं घर घेतलं की मराठी माणसाच्या डोक्यात पहिली येते ती पत्र्याची शेड. मुंबई-पुण्यात गळतीवर तोच उपाय चालतो. दिल्लीत मात्र पहिला खर्च त्यावर करू नका. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेतला वर्षाचा पाऊस पावणेआठशे मिलिमीटरच्या आसपास, रत्नागिरीच्या साधारण चौथा हिस्सा. इथे घराला छळतं ते ऊन. 29 मे 2024 ला सफदरजंगचा पारा 46.8 अंशांवर होता. शेडने सावली मिळते हे खरं, पण लोखंडी सांगाड्यासह चौरस फुटाला 200 ते 300 रुपये जातात. शिवाय मे-जूनमधल्या आंधीत ढिला पत्रा उडून कुणाच्या अंगावर पडायची भीती, आणि पालिकेच्या परवानगीचा प्रश्न वेगळाच.

हजार चौरस फुटांची गच्ची धरू. पुढचे दर मजुरीसह आणि ढोबळ आहेत. तीन ठिकाणचे भाव घ्या, पण सामानाचं नाव आणि जाडी तिघांकडूनही लिहून घ्या, नाहीतर तुलनाच होत नाही.

आधी पाणी. पाऊस कमी असला तरी पडतो तेव्हा एकदम पडतो. 28 जून 2024 ला सफदरजंगला 24 तासांत 228.1 मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या गच्चीवर ते एकवीस हजार लिटर पाणी होतं. म्हणून दहा फुटांना सव्वा इंच उतार हवा आणि चार इंची पाइप किमान दोन, म्हणजे एक पाल्याने तुंबला तरी दुसरा चालतो. उतार ठीक असेल तर नुसत्या वॉटरप्रूफिंगच्या लेपावर 40 ते 70 हजारांत भागतं. उतार नव्याने करायचा तर विटांच्या तुकड्यांचा कोबा, लाखभर ते दीड लाख.

मग ऊन. पांढरा परावर्तक रंग 25 ते 40 हजारांत होतो आणि खालची खोली दोन ते पाच अंशांनी निवते. पैसा बेताचा असेल तर मी हेच आधी करीन. दिल्लीच्या धुळीने तो मळतो, तेव्हा उन्हाळ्यापूर्वी गच्ची धुवा आणि तीन-चार वर्षांनी नवा हात द्या. पण रंग जानेवारीतल्या गारठ्यात कामाचा नाही. दोन्ही ऋतूंत आराम हवा असेल तर स्लॅबवर दोन इंची एक्सपीएस फोमचे बोर्ड आणि वर काँक्रीटचा थर घाला. त्याला आणखी लाख-सव्वालाख लागतील. इथले जुने मिस्त्री हेच काम भुसा कालवलेल्या मातीच्या थरावर विटा बसवून करत, त्याला ते मड फुस्का म्हणतात.

सौरऊर्जा घ्यायची असेल तर सांगाड्याचे पाय वॉटरप्रूफिंगच्या आधी रोवा. नंतर पाडलेलं प्रत्येक भोक गळू शकतं. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला केंद्राचं 78 हजारांचं अनुदान आहे.

पहाडगंज, करोलबागसारख्या जुन्या वस्तीत गर्डरवर दगडी पट्ट्या टाकलेली छतं अजून आहेत. तिथे कोबा मुळीच नको. चार इंची कोब्याचं वजन हजार चौरस फुटांवर अठरा-वीस टन होतं, आणि दिल्ली भूकंपाच्या चौथ्या क्षेत्रात आहे. अशा घरात पाच-दहा हजार देऊन आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. हलका लेप आणि पांढरा रंग, एवढंच बहुतेक वेळा योग्य ठरतं. ॲस्बेस्टॉसचे पत्रे स्वस्त मिळतात, पण ते कापताना उडणारे तंतू कर्करोगाला कारण होतात. ते घेऊच नका.

बिल्डर फ्लोअर, म्हणजे बिल्डरने एकेक मजला वेगळा विकलेलं घर असेल तर छताचे हक्क नोंदणीकृत खरेदीखतात तुमच्या नावे आहेत का, ते ठेकेदाराला विसार देण्याआधी वाचा. सोसायटीत गच्ची सामाईक असते, तिथे खर्चही वाटून घ्यायला हवा.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढा. नोव्हेंबरपासून प्रदूषण वाढलं की ‘ग्रॅप’ या प्रदूषण-नियंत्रणाच्या कृती आराखड्याच्या तिसऱ्या टप्प्यात धूळ उडवणारी बांधकामं बंद होतात आणि फोडलेली गच्ची तशीच उघडी राहते. काम झाल्यावर पाइपांची तोंडं बांधून गच्चीवर दोन इंच पाणी 48 तास साठवा आणि खालचं छत रोज बघा. शेवटचे दहा-पंधरा टक्के त्यानंतरच द्या, ही अट करारातच घाला.