निवृत्तांसाठी 'अकराचा पेशन्स'

"हल्ली नावे चटकन आठवत नाहीत," अशी तक्रार निवृत्त मंडळींकडून पुष्कळदा ऐकू येते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत तीन पाळ्यांमध्ये मापे, आकडे आणि उत्पादनाचा हिशेब सांभाळणाऱ्या माणसाच्या डोक्याचे काम निवृत्तीनंतर एकाएकी कमी होते. पायांसाठी आपण फिरायला जातो. मेंदूलाही रोज थोडे काम द्यावे. त्यासाठी पत्त्यांचा एक कॅट पुरेसा आहे.

खेळ असा मांडावा

जोकर काढून ५२ पत्ते नीट पिसावेत. तीन ओळींत तीन-तीन, असे नऊ पत्ते उघडे मांडावेत. ज्या दोन पत्त्यांची बेरीज ११ होते ते उचलावेत : एक्का-दश्शी, दुर्री-नव्वी, तिर्री-अठ्ठी, चौकी-सत्ती, पंजी-छक्की. गुलाम, राणी व राजा हे तिघे एकदम दिसले तरच उचलावेत. रंग कोणताही चालेल. रिकाम्या जागी नवे पत्ते लावावेत. सगळे पत्ते उचलले गेले की डाव सुटला; उचलण्यासारखे काहीच उरले नाही की अडला.

डाव सुटणे हे बहुतांशी पिसण्यावर अवलंबून असते, म्हणून हरल्याचे वाईट वाटून घेऊ नये. खरा व्यायाम पुढे आहे. प्रत्येक जोडी चार वेळा येते. म्हणजे एकूण २० जोड्या व चित्रांची चार त्रिकुटे. उचललेले पत्ते पालथे ठेवावेत. डाव अडला की न पाहता सांगावे, पंजी-छक्कीच्या किती जोड्या गेल्या, दुर्री-नव्वीच्या किती? मग पत्ते उलटून ताळा करावा.

उपयोग किती?

न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन व नृत्य यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी झाल्याचे त्यात आढळले. मात्र खेळामुळेच आजार टळला, असे यावरून सिद्ध होत नाही. ज्यांची बुद्धी तल्लख तेच अधिक खेळत असतील, असेही शक्य आहे. पत्ते म्हणजे औषध नव्हे.

'लॅन्सेट' आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारी, पण टाळता किंवा आटोक्यात ठेवता येण्यासारखी १४ कारणे सांगितली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकटेपणा आणि बहिरेपणाही आहे. प्रेस शॉप किंवा फोर्जिंगच्या गोंगाटात वर्षानुवर्षे काम केलेल्यांनी कानांची तपासणी जरूर करून घ्यावी. ऐकू येत नसेल तर माणूस गप्पांतून बाहेर पडतो आणि एकटा होतो.

केव्हा सावध व्हावे?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयोमानाप्रमाणे होते. परंतु रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, नेहमीचा पैशांचा हिशेब न जमणे ही लक्षणे दिसल्यास घरच्यांनी डॉक्टरांकडे न्यावे. १०० मधून ७ वजा करत जाण्यास डॉक्टर सांगतात, ते लक्ष आणि आकडेमोड पाहण्यासाठीच. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार किंवा नैराश्य यांमुळेही विस्मरण होते, आणि त्यांवर उपचार आहेत.

रोज वीस मिनिटे, चांगल्या उजेडात, पाठीला आधार घेऊन खेळावे. शेजारी नातवंडाला बसवावे. त्याची बेरीज पक्की होईल आणि आजोबांना सोबत मिळेल.