पाळकपद हे वतन नव्हे

प्रश्न : सिंगापुरातील आमच्या मंडळीचे पाळकसाहेब वयोवृद्ध झाले आहेत. त्यांच्या हयातीतच उत्तराधिकाऱ्याचा विषय काढणे अप्रशस्त ठरेल काय?

उत्तर : मुळीच नाही, उलट पाळकसाहेब सल्लामसलतीस हजर आहेत तोवरच हा विषय निर्वेधपणे निकालात निघू शकतो. बंगळुरात जन्मलेल्या विल्यम ओल्डहॅम यांनी १८८५ साली तुमच्याच सिंगापुरात मेथडिस्ट कार्याचा पाया घातला, पुढल्या वर्षी अँग्लो-चायनीज शाळा काढली, आणि १८८९ मध्ये प्रकृतिअस्वास्थ्यामुळे त्यांना सिंगापूर सोडावे लागले, तरी मंडळी व शाळा दोन्ही आजतागायत नांदत आहेत. त्या मंडळीचे बिशपही चार वर्षांच्या मुदतीनेच निवडले जातात.

तेव्हा प्रथम पदाची मुदत व निवडीची रीत घटनेत नमूद करावी. उपदेश, घरभेटी आणि जमाखर्च ही तिन्ही कामे दोघातिघा होतकरूंकडे आळीपाळीने सोपवून त्यांची पारख करावी. आणि निवड पाळकांच्या मर्जीवर वा नातेसंबंधावर न सोडता पंचांनी प्रार्थनापूर्वक करावी. मोशेने यहोशवावर हात ठेवले ते सर्व मंडळीदेखत, हे ध्यानात असावे. निवृत्त पाळकांच्या निर्वाहाची तजवीज अगोदरच करावी, कारण उदरनिर्वाहाची विवंचना असलेला मनुष्य पद सहसा सोडत नाही. आणि त्यांनीही नव्या पाळकाच्या कारभारात, विचारल्यावाचून, दखल देऊ नये.