नरक्याची साल आणि डीएनएचा पीळ

प्रश्न : आमच्या भागात नरक्याचं लाकूड चोरून नेणारा टेम्पो वनखात्यानं पकडला. त्यापासून कॅन्सरचं औषध होतं म्हणे. त्यात असं काय असतं? माझ्या काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. साल उकळून काढा दिला तर चालेल का?

उत्तर : काढ्याचं आधी सांगतो : देऊ नका. औषध पेशीत काय करतं ते कळलं की कारण पटेल.

नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. ते पहिल्यांदा सापडलं एका चिनी झाडात. अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्याची रचना १९६६ साली उलगडली. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. पुढे सह्याद्रीतल्या नरक्यातही तेच द्रव्य मिळालं.

आता घरातली दोन पेडांची सुतळी घ्या. एक टोक कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि दुसऱ्या टोकाकडून पेड वेगळे करत चला. पुढच्या सुतळीत पीळ साठत जातो, तिला वळसे पडतात आणि शेवटी पेड सुटेनासे होतात. पेशीची विभागणी होण्याआधी डीएनएची नक्कल निघते, तेव्हा हेच होतं. आणि ही सुतळी एकेका पेशीत सुमारे दोन मीटर असते! पीळ काढायला पेशीकडे खास विकरं, म्हणजे एन्झाइम, आहेत. त्यातलं टोपोआयसोमरेज-१ डीएनएचा एकच पेड कापतं, कापलेलं टोक रासायनिक बंधानं स्वतःशी धरून ठेवतं, पीळ सैल होऊ देतं आणि काप सांधून मोकळं होतं. कापणारा हातच टोक सोडत नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

कॅम्प्टोथेसिनचा चपटा रेणू नेमका त्या कापात शिरतो. ओंडका चिरताना चीर मिटू नये म्हणून करवतीमागे पाचर ठोकतात, तसा. नुसता डीएनए किंवा नुसतं विकर असेल तर त्याला धड थारा मिळत नाही. दोघं एकमेकांना धरून असतात तेवढ्या वेळातच तो साधतो. काप उघडा राहतो. नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन आदळते आणि एका पेडाचा काप दोन्ही पेडांची तूट होऊन बसतो. अशा तुटी सांधता आल्या नाहीत की पेशी मरते. औषध विकराला नुसतं बंद पाडत नाही, त्याच्याच हातून घाव घालून घेतं. औषध पेशी कशी मारतं, हे कोडं १९८५ साली उलगडलं.

भराभर वाढणाऱ्या पेशींत नक्कल सतत चालू असते, म्हणून घाव त्यांनाच जास्त बसतो. पण अशा पेशी फक्त गाठीत नसतात. आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं इथेही त्या असतात. सत्तरच्या दशकात हे द्रव्य रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा जुलाब, लघवीतून रक्त, रक्तपेशींची घट असे त्रास इतके झाले की चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत फेरफार करून टोपोटेकान आणि आयरिनोटेकान तयार झाली. दोन्हींना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. आयरिनोटेकान मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर देतात, तेही अंगमानानं मात्रा ठरवून आणि रक्त तपासून. सालीतलं प्रमाण मात्र झाडागणिक वेगळं असतं.

काकांच्या उपचारात आयरिनोटेकान आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि घरात कुणी आधीच काढा पाजला असेल, तर तेही त्यांना न लपवता सांगा.