व्यायाम : उपाशीपोटी की भोजनोत्तर?

तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील गाव. (लातूर जिल्ह्यातील याच नावाचे तालुक्याचे ठिकाण निराळे.) मराठवाड्यातील अशा गावांच्या रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारे तरुण दिसतात, तसेच डॉक्टरांच्या सल्ल्यावरून फिरावयास निघालेले मधुमेही वयस्कही. दोघेही बहुधा उपाशीपोटी असतात. थोड्या वेळाने शाळेच्या मैदानावर मुले कवायतीस उभी राहतात. या तिघांना एकच नियम लावणे उचित नव्हे.

रात्रीच्या भोजनानंतर सकाळपर्यंत यकृतातील सुमारे १०० ग्रॅम साखरेचा साठा बराचसा खर्ची पडलेला असतो. स्नायूंतील साठा मात्र त्याच्या कित्येक पट असून तो बहुतांशी शिल्लक राहतो. म्हणूनच रात्री पोटभर जेवलेल्या निरोगी तरुणास पहाटे अर्धा तास धावणे बाधत नाही. कोल्हापूरच्या तालमींतील मल्ल पहाटेची मेहनत आधी करतात आणि थंडाई नंतर घेतात. त्यांचे अनुकरण करणारे त्यांचा आदल्या दिवसाचा खुराक तेवढा विसरतात! उपाशी धावल्याने चरबी लवकर झडते, ही समजूतही अर्धीच खरी आहे. त्या वेळेपुरती चरबी अधिक खर्च होते. परंतु २०१४ साली अमेरिकेत २० तरुणींवर चार आठवडे झालेल्या एका लहानशा प्रयोगात, उपाशी व खाऊन व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांत वजनाची घट जवळजवळ सारखीच आढळली.

पोटभर जेवणानंतर दोन-तीन तास जोराचा व्यायाम टाळावा. अन्यथा मळमळ होते, कुशीत कळ येते. शतपावलीची गोष्ट वेगळी. जेवणानंतर सावकाश चालताना स्नायू रक्तातील साखर उचलतात व तिची वाढ आटोक्यात राहते. इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी पहाटेच्या उपाशी रपेटीऐवजी याचा विचार डॉक्टरांना विचारून करावा. घाम, कंप वा भोवळ जाणवताच तोंडात टाकावयास खिशात साखर असलीच पाहिजे.

खरा प्रश्न मुलांचा आहे. आईवडील भल्या सकाळी शेतावर वा मजुरीस गेलेल्या घरातील मूल पुष्कळदा नुसत्या चहावर शाळेत येते. १९९५ साली सुरू झालेल्या योजनेतील शालेय पोषण आहार बहुधा त्यानंतर काही तासांनी मिळतो. मुलाच्या यकृतातील साठा लहान, आणि मेंदूची गरज मात्र शरीराच्या मानाने मोठी. अशा मुलास भोवळ आली की तो आळस समजला जातो. त्यास सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत आणि सावध झाल्यावर गूळपाणी द्यावे.

शारीरिक शिक्षणाचा तास आहारानंतर दीड-दोन तासांनी ठेवणे सोयीचे. पण उन्हाळ्यात येथील दुपार मैदानाची नव्हे. तेव्हा सकाळीच कवायत घ्यावयाची, तर आधी मूठभर फुटाणे व गूळ मिळावा. हा खर्च ग्रामपंचायतीस जड जाऊ नये. मात्र कोण उपाशी आहे, हे रांगेत सर्वांदेखत विचारू नये; लाजेने मुले जेवून आल्याचेच सांगतात.