दीड दिवसाचं येणं

हिंगणा,
5 मार्च 2026

चि. बाबू यास,
मोठेबाबांचे अनेक आशीर्वाद.

या महिन्याअखेरीस तू दीड दिवसासाठी घरी येणार असल्याचं काल तुझ्या आईनं सांगितलं. शुक्रवारी ऑफिस सुटलं की ट्रॅव्हल्स, शनिवारी सकाळी हिंगणा, दिवसभर मित्र, रविवारी जेवण उरकून संध्याकाळी परतीची ट्रॅव्हल्स आणि सोमवारी उतरल्या उतरल्या ऑफिस. तिला आनंद झाला आहे, म्हणून तिच्यासमोर काही बोललो नाही. पण ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. 1 जुलै 2023 ची ती रात्र आपल्या घरात कुणी विसरलेलं नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली अशीच एक बस सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. ज्या बाजूवर ती पडली त्याच बाजूला दार होतं. काचा फोडून जे बाहेर पडू शकले ते वाचले, 25 जण गेले. नोकरीसाठी, शिक्षणासाठी पुण्याला निघालेली तुझ्या वयाची मुलं त्यांत होती.

तू म्हणशील, रोज कितीतरी बसगाड्या सुखरूप येतात-जातात, एका अपघातावरून माणसानं प्रवास सोडायचा का? हा मुद्दा मला मान्य आहे. पण मला फक्त ड्रायव्हरच्या डुलकीची भीती नाही, तुझ्या झोपेचीही आहे. तीन रात्रींपैकी दोन तू हिंदकळणाऱ्या बर्थवर काढणार. सलग सतरा-अठरा तास जागलेल्या माणसाची नजर आणि हात, थोडी दारू घेतलेल्या माणसाइतके मंदावतात, हे झोपेच्या अभ्यासकांनी चाचण्या घेऊन दाखवलं आहे. सोमवारी सकाळी वाकडला उतरून तू तशाच तारवटलेल्या डोळ्यांनी मोटरसायकल काढणार आणि पुण्याच्या रहदारीत शिरणार. म्हणजे बस सुखरूप पोचली तरी माझा घोर संपत नाही.

समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातल्या शिवमडक्यापासून सुरू होतो. 11 डिसेंबर 2022 ला शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला आणि 5 जून 2025 ला सगळे 701 किलोमीटर पूर्ण झाले. प्रवासाचे तास वाचले की बाहेरगावी असलेली मुलं घरी जास्त राहतील, असं आपण धरून चाललो होतो. झालं उलटंच. पूर्वी येण्या-जाण्यातच दोन दिवस मोडणार हे ठाऊक असल्यामुळे माणूस आठ दिवसांची रजा टाकूनच निघायचा. आता रात्रीतून पोचता येतं म्हटल्यावर रजा टाकायचंच राहून जातं. वाचलेले तास घराच्या वाट्याला आले नाहीत, ते ऑफिसकडे गेले. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. रस्ता जवळ आला म्हणून मुक्काम तोडायचा नसतो, उलट वाचलेला वेळ मुक्कामात घालायचा असतो.

जरा हिशेब मांडून बघ. शनिवारी नऊला पोचलास आणि रविवारी पाचला निघालास, तर होतात बत्तीस तास. त्यातून रात्रीची झोप वजा कर, आदल्या रात्रीच्या जागरणानं दुपारी डोळा लागेल ते तीन तास वजा कर. उरले वीस-एकवीस. त्यातली शनिवारची सकाळ तुझी आई सांबारवडी आणि पाटोडीच्या रश्श्यासाठी गॅसपुढे काढणार आणि रविवारची दुपार तुझी पिशवी भरण्यात. मित्रांचंही तेच. तुझे बरेचसे सोबती इथेच एमआयडीसीत लागले आहेत. एकाची सेकंड शिफ्ट असते, दुसऱ्याची नाईट, आणि साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाला रविवारीच मिळते असं नाही. तू त्यांना भेटायला जाशील तेव्हा एक झोपेत असेल, दुसरा कामावर. चौकातल्या टपरीवर अर्धा तास उभ्यानं बोलणं होईल आणि त्यालाच भेट म्हणावं लागेल.

यावर तुझं उत्तर तयार असेल. थोडं थोडं, पण वारंवार आलेलं काय वाईट? शिवाय रोज व्हिडिओ कॉल असतोच. वारंवार येणं चांगलंच आहे, पण दीड दिवसासाठी येणाऱ्याला घर पाहुण्यासारखं वागवतं आणि पाहुण्यासमोर कुणी आपलं दुखणं काढत नाही. तुझे बाबा, तू येणार त्या दिवशी, कपाटावरचा औषधांचा डबा उचलून आतल्या खोलीत ठेवतात. व्हिडिओ कॉलमध्ये तर तो कधीच दिसत नाही. घाबरू नकोस, साखरेच्या आणि बीपीच्याच गोळ्या आहेत. पण पोरगं दोन घटका आलंय, त्याला कशाला सांगायचं, हा त्यांचा विचार बघ. तिसऱ्या दिवशी मात्र सकाळचा चहा घेता घेता माणूस सहज बोलून जातो. गुडघा, सातबारावरचं नाव, बँकेतून आलेला कागद, सगळं निघतं. ते विचारून निघत नाही, त्यासाठी नुसतं घरात असावं लागतं.

रजा मिळत नाही ही अडचण खरी आहे. पण यंदा 1 मे, 2 ऑक्टोबर आणि 25 डिसेंबर हे तिन्ही दिवस शुक्रवारी येतात. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे 1 मेचं आत्ताच उघडलं आहे. पुण्याहून सकाळी वंदे भारतनं निघालास की बारा तासांत, दिवसाउजेडी, संध्याकाळी अजनीला उतरशील. सोमवारी ती अजनीहून सुटत नाही, म्हणून मंगळवारी सकाळी परत जा. दोनच दिवस रजा लागेल आणि घरात पुरे तीन दिवस मिळतील. पैशाचं म्हणशील, तर घाईच्या दोन फेऱ्यांत जे जातं त्यात ही एक फेरी नीट होते.

लिहिता लिहिता सूर चढला असेल, तो मनावर घेऊ नकोस. तुझ्या वयात मीही असाच घाईत येत-जात राहिलो. घरच्यांनी कधी थांब म्हटलं नाही, म्हणून त्यांना काही सांगायचं नसेल असंच मी समजत होतो. ती चूक कळली तेव्हा विचारायला कुणी उरलं नव्हतं. माझा हट्ट आहे तो एवढ्यासाठी.

तिकीट काढून झालं असेल तर या वेळी ये, बाबू. येऊ नकोस असं तुला कोण म्हणेल? फक्त बसमध्ये चढल्यावर आपत्कालीन दार कुठे आहे आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे तेवढं बघून घे. निघाल्यावर आणि उतरल्यावर फोन कर, कितीही वाजलेले असोत, मी जागाच असतो. सोमवारी रिक्षानं ऑफिसला जा, गाडीला हात लावू नकोस. आणि मे महिन्यात मात्र रेल्वेनंच ये. अजनी चौकातून मेट्रो घे, सीताबर्डीला बदल आणि लोकमान्य नगरला उतर. मी खाली उभा असेन. तुझ्या बाबांनाही सांगून ठेवतो, औषधांचा डबा आहे तिथेच असू द्या, पोरगा या वेळी राहायला येतो आहे.

तुझे,
मोठेबाबा