'गेट बाय' : अर्थ व उपयोग

इंग्रजीत क्रियापदास एखादे लहानसे अव्यय जोडले की त्याचा अर्थ पार पालटतो. 'गेट' म्हणजे मिळविणे, 'बाय' म्हणजे जवळ. परंतु 'गेट बाय' म्हणजे जवळ मिळविणे नव्हे! अपुऱ्या साधनांत कसेबसे भागविणे, वेळ निभावून नेणे, असा त्याचा अर्थ आहे.

उदाहरण कर्वेनगरचेच घेऊ. हे पूर्वीचे हिंगणे. अण्णासाहेब कर्वे यांचा विधवांसाठी असलेला आश्रम १९०० साली येथील माळावर एका झोपडीत आला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून अण्णासाहेब पायी येथे येत. त्या दिवसांविषयी आपण म्हणू, 'दे गॉट बाय विथ अ सिंगल हट'. एका झोपडीवर त्यांनी भागविले.

साधन सांगताना 'विथ' किंवा 'ऑन' योजावे. पैसा वा अन्न असल्यास बहुधा 'ऑन'. उणीव सांगताना 'विदाउट' योजावे. 'गेट बाय अ हट' असे मात्र कधीही लिहू नये. शब्दप्रयोग बोलीतला असल्याने औपचारिक पत्रात 'मॅनेज' हा शब्द अधिक शोभतो.

या शब्दात धीर आहे, पण यश नाही, हे ध्यानात ठेवावे. झोपडीच्या दिवसांना तो साजतो. १९१६ साली त्याच हिंगण्यात स्थापन झालेल्या महिला विद्यापीठाला साजणार नाही. म्हणून विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकावर 'ही गेट्स बाय' असा शेरा आला, तर पालकांनी ती शाबासकी समजू नये. अडचणीत भागवावे, अभ्यासात मात्र भागवण्यावर समाधान मानू नये.