उतरताना रुमाल उचला!

उमरेडहून नागपूरला एसटीने जाणाऱ्यांना सांगायला नको. खिडकीतून सीटवर रुमाल टाकला की जागा आपली! आता समजा, रुमालवाला निघून गेला, पण रुमाल तिथेच राहिला. सीट रिकामी, तरी कुणी बसत नाही. जावाच्या सर्व्हरवर मेमरी लीक होते ती अशीच. मागच्या सेमिस्टरला तो रुमाल आमच्या ग्रुपचा होता, म्हणून हा लेख.

आमच्या लॅबमध्ये मिनी प्रोजेक्टसाठी एकच टॉमकॅट सर्व्हर आहे. सगळ्या ग्रुप्सची ॲप्स त्याच्यावरच. कोड बदलला की नवीन वॉर फाइल टाकायची, म्हणजे रीडिप्लॉय करायचं. सर्व्हर बंद करावा लागत नाही. डेमोच्या आदल्या दिवशी आम्ही दहा वेळा रीडिप्लॉय केलं. संध्याकाळी दुसऱ्या एका ग्रुपने एकदाच केलं आणि 'आउटऑफमेमरीएरर : मेटास्पेस' येऊन सर्व्हर बसला. सगळे त्यांच्यावरच तुटून पडले, "काहून बे, तुमच्याच वेळी काहून मरते सर्व्हर?" ओरडणाऱ्यांत मीपण होते.

रात्री सहज लॉग उघडला. आमच्या ॲपमधला एक थ्रेड दर पाच मिनिटांनी लायब्ररीच्या पुस्तकांच्या तारखा तपासतो आणि एक ओळ लिहितो. तिथे प्रत्येक वेळी अकरा ओळी होत्या! म्हणजे आमच्या दहा जुन्या कॉप्या मेल्याच नव्हत्या. पोटात गोळाच आला.

असं का होतं? टॉमकॅट प्रत्येक ॲपला वेगळा क्लासलोडर देतो. रीडिप्लॉय केलं की जुना क्लासलोडर सोडून नवा घेतो. जुना साफ करायचं काम गार्बेज कलेक्टरचं. पण त्याचा नियम कडक आहे : चालू थ्रेडसारख्या जिवंत ठिकाणाहून ज्याच्यापर्यंत रेफरन्स पोचतो, त्याला हात लावायचा नाही. चालू थ्रेड आमच्या ऑब्जेक्टला धरून, ऑब्जेक्ट आपल्या क्लासला, क्लास आपल्या क्लासलोडरला आणि क्लासलोडर ॲपच्या सगळ्या क्लासेसना. एका रुमालापायी अख्खी गाडी अडली!

क्लासेसची माहिती पूर्वी पर्मजेन नावाच्या जागेत राहायची. 2014 साली जावा 8 आलं, पर्मजेन गेलं आणि मेटास्पेस आलं. त्याला मर्यादा घातली नाही तर ते मशीनची मेमरी खात वाढत जातं, आणि घातली तर आमच्यासारखी एरर येते. जागा बदलली, पण गळती तीच.

रुमाल राहण्याच्या नेहमीच्या जागा तीन :

1. ॲपने सुरू केलेला, पण न थांबवलेला थ्रेड. आमची चूक हीच.

2. थ्रेडलोकल. सर्व्हरचे थ्रेड पुन्हा पुन्हा वापरले जातात, त्यामुळे आपण ठेवलेली वस्तू त्यांच्याकडेच राहते. काम झालं की रिमूव्ह करा.

3. जेडीबीसी ड्रायव्हर. तो जावाच्या ड्रायव्हरमॅनेजरकडे नाव नोंदवतो. जाताना नोंद काढायला पाहिजे.

उपाय एका क्लासचा आहे. सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनर लिहा आणि त्याच्या कॉन्टेक्स्टडिस्ट्रॉइड मेथडमध्ये, जे जे सुरू केलं ते ते बंद करा. आम्ही तिथे एक्झिक्युटरवर शटडाउननाऊ बोलावलं. मग पाच वेळा रीडिप्लॉय करून टॉमकॅट मॅनेजरमधलं 'फाइंड लीक्स' बटण दाबलं. आमचं नाव आलं नाही! तुमचं आलं, तर हीप डंप घेऊन एक्लिप्स मेमरी अनालायझरमध्ये उघडा. क्लासलोडरला कोण धरून बसलंय ते दिसतं.

खरं तर टॉमकॅटने आधीच सांगितलं होतं. थ्रेड न थांबवता ॲप बंद झालं की तो लॉगमध्ये स्पष्ट वॉर्निंग लिहितो. आमच्यासाठी दहा वेळा लिहिली होती. ॲप चालतंय ना, मग लॉग कोण वाचतो?

सकाळी लॉगची प्रिंट घेऊन आधी त्या ग्रुपकडे गेले, मग सरांकडे. सॉरी म्हणताना जीभ जड झाली होती. सरांनी त्यांचा डेमो दुपारी ठेवला आणि तो मस्त झाला.

शेअर्ड सर्व्हरवर एरर ज्याच्या नावावर येते, चूक त्याचीच असते असं नाही. त्याने फक्त शेवटची सीट मागितलेली असते. म्हणून दुसऱ्यावर ओरडायच्या आधी आपला रुमाल बघा!